शहनाजचा 'हो' येईपर्यंत

मित्रांनो, मी एक लोखंडी डबा आहे. जुना म्हणा, माझं काही म्हणणं नाही. रंग उडालाय, एका कोपऱ्याला गंज चढलाय, हे मलाही दिसतं. पण बिघडलेला म्हणाल तर मात्र मला राग येतो. सरकारी कागदावर माझ्या नावापुढे 'यंत्रातील बिघाड' असं लिहिलेलं आहे. ते खोटं आहे. ते खोटं आहे म्हणूनच मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

माझा जन्म जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला. एका बाजूला डाळ गिरणी, दुसऱ्या बाजूला ठिबकच्या नळ्यांचा कारखाना आणि मधल्या पत्र्याच्या गाळ्यात मोहिनीताईंचं टेबल. धुळ्याच्या कॉलेजात शिकलेल्या या ताईंनी मला एकेक तार जोडून उभं केलं. माझं काम एकच होतं, निरोप पोहोचवायचा. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, आमचा मोबाइलही पोहोचवतो. थांबा जरा. निरोपा-निरोपात फरक असतो.

शेजारच्या गिरणीत डाळ वरून धो धो पडायची आणि खाली पोती भरायची. पहिलं पोतं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे खाली उभ्या हमालाने बघायचं. पुष्कळ यंत्रं एकमेकांशी तशीच बोलतात. शब्द ओतत राहतात, वाक्य कुठे संपलं ते ऐकणाऱ्याने शोधावं. माझं तसं नव्हतं. मी किराणा दुकानातल्या पुडीसारखा निरोप बांधायचो. पुडी पोहोचली तर अख्खी पोहोचायची, नाहीतर मी ती पुन्हा पाठवायचो. अर्धी पुडी मी आयुष्यात कोणाच्या हातात ठेवली नाही.

ताईंनी मला दोन वाटा दिल्या होत्या. एक कालव्याच्या कडेने पुरलेल्या केबलची, दुसरी मोबाइलच्या टॉवरची. एक तुटली तर दुसरीने जायचं. मी अधूनमधून दोन्ही वाटांनी हाक मारायचो, आहेस ना? पलीकडून उत्तर यायचं, आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी मला वेगवेगळ्या रांगा दिल्या होत्या. कार्यालयाचे फोटो, हजेऱ्या, पाण्याची मापं यांच्या रांगा निराळ्या आणि पाणी सुटल्याच्या इशाऱ्याची रांग निराळी. फोटो अडकला तर अडकू दे, इशाऱ्याने त्याच्या मागे उभं राहायचं नाही. ताईंनी माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं, 'पहिली रांग फक्त पाण्याची'.

मला बसवलं एका बंधाऱ्यावर, गेटच्या केबिनमध्ये. तिथे शालिग्रामनाना चौकीदार होते. खाली काही कोसांवर नदीकाठी गाव होतं, तिथे पंचायतीच्या भिंतीवर माझा जोडीदार डबा आणि वर भोंगा. उन्हाळ्यात नदी कोरडी पडली की तिथली माणसं पात्रात डांगरवाड्या करायची. वाळूत चर खणून, खत घालून टरबूज आणि डांगर लावायचे. पाण्यासाठी वाळूत खोल खड्डा खणायचा, त्याला झिरा म्हणतात. चांद बागवान आणि त्याची बायको शहनाज यांची वाडी त्यातच होती. शहनाज पंचायतीसमोर, रस्त्याच्या कडेला टरबुजं विकायला बसायची.

उन्हाळ्यातच खालच्या गावांना प्यायला पाणी लागतं. मग बंधाऱ्याचं गेट उघडून नदीत पाणी सोडायचं. म्हणजे पात्रात माणसं असतानाच पात्रात पाणी येणार. यासाठीच माझा जन्म.

नाना आधी बटण दाबायचे. माझ्यावर लाल दिवा लागायचा. निरोप खाली जायचा आणि भोंगा वाजायचा. निरोप पोहोचल्याची पावती जोडीदार मला लगेच द्यायचा, पण तेवढ्याने दिवा हिरवा होत नसे. ताईंचं म्हणणं होतं, डब्याने ऐकलं म्हणजे माणसाने ऐकलं असं होत नाही. म्हणून भोंग्याखाली एक बटण होतं आणि ते दाबायचं काम शहनाजकडे आलं होतं. तिला कोणी नेमलं नव्हतं. ती समोर बसायची, सगळ्या वाड्यांतली माणसं तिला तोंडपाठ होती, म्हणून आपोआप आलं. भोंगा वाजला की ती काठावर उभी राहायची. पोरंसोरं, म्हाताऱ्या, शेळ्या, सगळे वर आले की मगच बटण दाबायची. त्या बटणाचा अर्थ होता, पात्र रिकामं झालं.

मग माझा दिवा हिरवा. नाना चाकाला हात लावायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "शहनाजअक्काचा हो उना." म्हणजे तिचा हो आला. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने त्यांना पाहिलं नव्हतं. एका हिरव्या दिव्याची ओळख, पण पक्की. कधी हो यायला उशीर झाला की नाना बिडी पेटवून सांगायचे, अक्काची एखादी शेळी वर यायला तयार नसेल. त्या काळात लोक लांबून मला बघायला यायचे. एका सभेत माझं कौतुक झालं, मला हारसुद्धा घातला. हाराची फुलं वाळून गेली तरी दोरा बरेच दिवस माझ्या कडीला लोंबत होता.

मग पाटबंधारे खात्यात हितेंद्रसाहेब आले. माणूस तसा वाईट नव्हता, नीटनेटका होता. पण काही माणसांचा नीटनेटकेपणा दुसऱ्यांच्या जिवावर उठतो. त्यांच्या कार्यालयात एक मोठा पडदा लागला होता. त्यावर माझे निरोप दिसायचे. आता मी वेगवेगळ्या रांगांतून पाठवायचो, त्यामुळे मागून निघालेला पाण्याचा निरोप कधी आधीच्या हजेरीच्या अगोदर पोहोचायचा. वरच्या साहेबांनी पडदा बघितला आणि विचारलं, हे असं उलटसुलट का? हितेंद्रसाहेबांना ते लागलं. त्यांनी हुकूम काढला की सगळं एकाच रांगेत आणि क्रमाने जाईल. मोहिनीताई गेटवर येऊन भांडल्या. इशारा फोटोमागे उभा राहिला तर काय होईल, हे त्यांनी सांगितलं. साहेब म्हणाले, शिस्त सगळ्यांना सारखी. ताईंचं काम काढून घेतलं आणि दुसऱ्या कोणीतरी येऊन माझ्या सगळ्या रांगांची एक रांग केली. झाकणावरची पांढरी अक्षरं मात्र तशीच राहिली. ती पुसायचं कोणाला सुचलं नाही.

त्याच सुमाराला कालव्याची माती काढताना केबल तुटली. जोडू, जोडू म्हणत राहिले. माझी एकच वाट उरली, टॉवरची, आणि तीही उन्हात धापा टाकणारी.

मित्रांनो, त्या दिवसाबद्दल सांगताना माझ्या तारा अजून तापतात.

बंधाऱ्यावर मांडव घातला होता. पाणी सोडण्याचा समारंभ होता. पाहुणे आले, नारळ आला, ओटीची साडी आली. समारंभ कार्यालयातल्या पडद्यावर चालू असताना दिसला पाहिजे, असा साहेबांचा हट्ट. तिथे दुसरं नेटवर्क नव्हतं, म्हणून कॅमेऱ्याची तार माझ्यातच खुपसली. ते चलचित्र पुड्यांमागून पुड्या होऊन माझ्या एकुलत्या रांगेत शिरलं. फेटे, हार, हात जोडलेले पाहुणे. एक पुडी टॉवरपाशी अडकली की मागच्या सगळ्या खोळंबायच्या.

नानांनी नेहमीप्रमाणे बटण दाबलं. लाल दिवा लागला. माझा निरोप तयार झाला. केवढा होता तो? 'पाणी सुटतंय, बाहेर या.' बस. एवढासा निरोप फेट्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. मी काय करणार होतो? रांग मोडायची मुभा मला नव्हती.

दिवा लालच राहिला. पाहुणे घाम पुसायला लागले. साहेब केबिनमध्ये आले आणि चाक फिरवा म्हणाले.

नाना म्हणाले, "साहेब, लाल शे. तथून हो उना नही."

"ते डबडं जुनं झालंय, शालिग्राम. बटण दाबलं ना तुम्ही?"

"दाबं. पन हो उना नही."

साहेबांनी आवाज खाली आणला. पाहुण्यांना उन्हात उभं करून आपण एका दिव्याकडे बघत बसायचं का, असं त्यांनी विचारलं. बटण दाबलंय म्हणजे निरोप गेलाच असणार, असंही म्हणाले. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. खाली फोन करावा, तर शहनाजचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. कधी लागलाच नव्हता. बाहेर कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवातही केली होती.

नानांनी चाक फिरवलं.

कोरड्या वाळूत पाणी आधी जिरतं. पुढची जीभ हळू सरकते, मग मागून लोंढा येतो. खालच्या लोकांना आधी चाहूल लागली ती आवाजाची. जे उभे होते ते पळाले. चांद उभा नव्हता. तो झिऱ्यात उतरला होता, गाळ उपसत होता. डोकं वाळूच्या खाली. झिऱ्यात उतरलेल्याला येणारं पाणी दिसत नाही. भोंगा मात्र झिऱ्यातही ऐकू जातो, म्हणून तर भोंगा लावला होता. शहनाज काठावरून ओरडत पात्रात धावली. लोकांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं, म्हणून ती उरली.

आणि मग भोंगा वाजला. समारंभ संपला, कॅमेरा बंद झाला, रांग मोकळी झाली आणि माझा निरोप पोहोचला. अख्खा, न तुटता, अगदी क्रमाने. सगळी माणसं काठावर उभी असताना भोंगा त्यांना पात्राबाहेर यायला सांगत होता. एक म्हातारी डोक्यावरचा पदर कानांवर ओढून खाली बसली, असं मला नंतर कळलं.

चौकशी झाली. नानांनी सांगितलं की दिवा लालच होता, त्याने खोटं सांगितलं नाही. त्यांचं बोलणं कागदावर आलं नाही. कागदावर मी आलो. यंत्रातील बिघाड. माणसांपैकी कोणाचं काही चुकलं नव्हतं म्हणे. मला भिंतीवरून काढून केबिनमधल्या टेबलाखाली ढकललं.

नवऱ्यामागे घरात पाळायचे इद्दतचे दिवस सरल्यावर शहनाज बंधाऱ्यावर आली. सोबत तिचा भाऊ अतिक होता, तो दाराबाहेरच थांबला. नाना उठून उभे राहिले. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिनेच नाव सांगितलं. मग नानांनी स्टूल पुढे सरकवलं, पण ती बसली नाही.

तिला भरपाईच्या पैशांबद्दल काही विचारायचं नव्हतं. सरकारी माणसं तिच्या घरी सांगून गेली होती की निरोप पोहोचला होता, पावती आहे. ती घरी तेच तेच उगाळत बसली होती, म्हणून एवढ्या लांब आली होती.

"नाना," ती म्हणाली, "मी हो बोललीच नव्हती."

"माले मालूम शे, अक्का."

"मग?"

नानांनी टेबलाखाली पाहिलं. टेबलाखाली माझ्याकडे बोट करून तिने विचारलं, तो दिवा हाच का. नानांनी वाकून मला बाहेर ओढलं, धोतराच्या सोग्याने माझी काच पुसली. तिने काचेवर बोट ठेवलं, अगदी बटण दाबतात तसं. मग म्हणाली, "माझा नंबर लिहून घ्या." नानांनी तो खडूने भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिला. ती गेली. मला टेबलाखाली परत ढकलायचं नानांच्या मनात आलं नाही. तेव्हापासून मी खिडकीच्या फळीवर आहे.

पुढच्या उन्हाळ्यात भिंतीवर नवा डबा आला. चकचकीत. रांग त्यालाही एकच. वर आणखी सुधारणा केलेली. माणसाच्या 'हो'ची वाट बघण्यात उशीर होतो, म्हणून खालच्या डब्याची पावती आली की दिवा आपोआप हिरवा. ज्या दिवशी पहिलं पाणी सोडायचं होतं, त्या दिवशी साहेब स्वतः हजर होते. नानांनी बटण दाबलं. दिवा लाल झाला आणि नाना बिडी काढेपर्यंत हिरवाही झाला.

साहेब खुश झाले. बघा, याला म्हणतात यंत्र.

नानांनी चाकावर ठेवलेला हात काढून घेतला. इतक्या लवकर? म्हाताऱ्या, पोरं, शेळ्या, इतक्या लवकर वर आल्या? गाव म्हणजे काय पत्त्यांचा डाव आहे, उचलला आणि ठेवला? ते भिंतीकडे गेले आणि खडूचे आकडे बघून फोन लावला.

"अक्का, तू हो म्हणी का?"

पलीकडे भोंगा वाजत होता, तो मला फोनातून ऐकू आला. त्यावरून तिचा आवाज, "नाही नाना. दोघं वाडीवाले आतच आहेत. सुकदेव आहे झिऱ्यात, त्याला काढायला लोक गेलेत. थांबा."

"थांबस."

साहेब म्हणाले दिवा हिरवा आहे. नाना म्हणाले, हिरवा आहे खरा. साहेब म्हणाले, मेमो देईन. नाना म्हणाले, द्या. साहेबांनी स्वतः चाकाकडे हात नेला, तेव्हा नाना चाकाला पाठ टेकून उभे राहिले. साठीला आलेला, हाडकुळा माणूस, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात न पेटवलेली बिडी. माझ्या दोन वाटा, माझ्या रांगा, माझा लाल दिवा, सगळं काढून घेतलं होतं. ते सगळं त्या वेळी चाकाला पाठ लावून उभं होतं.

खूप वेळाने फोनातून आवाज आला. दम लागलेला होता.

"नाना, पात्र रिकामं. हो."

मग नानांनी चाक फिरवलं.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने डबे आपल्या गोष्टीच्या शेवटी सांगतात की आमची धूळ पुसा, आम्हाला जपा. माझी धूळ राहू द्या. उद्या मी भंगारात जाईन, त्याचंही मला वाईट वाटणार नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, कोणी साहेब व्हाल, कोणाच्या हातात असंच एखादं चाक येईल. तेव्हा जीव वाचवणाऱ्या निरोपाला फोटोंच्या मागे उभं करू नका, मग फोटो कोणाचाही असो. निरोप पाठवला की काम संपलं, असं समजू नका. पावती आली तरी समजू नका. खाली झिऱ्यात कोणीतरी असतं आणि काठावर कोणीतरी माणसं मोजत उभं असतं. तिचा हो आला नाही, तर चाकावरचा हात काढा आणि थांबा. बाहेर कितीही टाळ्या वाजत असल्या, तरी थांबा.

गेल्या उन्हाळ्यात नाना थांबले नाहीत आणि चांद झिऱ्यात राहिला. यंदा थांबले. सुकदेव संध्याकाळी घरी जाऊन जेवला.

माझी काच अजून शाबूत आहे.