बरणीतलं कुंकू

सुंदरम्मांना पहिलं झुरळ दिसलं ते कडक भाकऱ्यांच्या चळतीवर, आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात मुक्ताबाईंचं नाव आलं. मिशा हलवत झुरळ फडक्याखाली शिरलं, तरी नाव काही गेलं नाही.

मुक्ताबाई मागच्या खोलीतल्या भाडेकरू. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, एकट्याच राहत. त्यांना घरी आणलं होतं सुनेनं, दाक्षायणीनं. तेव्हा सुंदरम्मा काही बोलल्या नव्हत्या. पण त्या खोलीत बुद्धाची तसबीर लागली, त्या दिवशी शेजारच्या बजाबाई "बरं केलंत की" असं ज्या सुरात म्हणाल्या, तो सूर त्यांच्या कानातून गेला नव्हता.

"दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी पोत्यानं घरात आली, तवा बी झुरळ न्हवतं," सोमवारी जेवताना त्या मुलाला म्हणाल्या. "ती बाई आली आन् झुरळं आली. खोली रिकामी करून घे."

शिवपुत्रला भांडणाचा कंटाळा होता. त्यानं ताटातली शेंगाची चटणी बोटानं सारखी केली. "रविवारी सांगतो त्यांना."

दाक्षायणी वाढता वाढता थांबून सासूकडं वळली. ती बी.एस्सी. झालेली होती आणि मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होती.

"अव्वा, त्या चार महिने घर शोधत होत्या. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. इथून गेल्या तर पुन्हा तेच. मला रविवारपर्यंत वेळ द्या. झुरळं कुठून येतात ते शोधते. त्यांच्या खोलीतून येत असतील, तर जायला मीच सांगेन."

"शोध की. मला काय भ्या हाय?"

दोन दिवस दाक्षायणी घरभर फिरली. चुलीमागची भेग सिमेंटनं बुजवली, मोरीच्या भोकावर बारीक जाळी बसवली, पिठाचे डबे घट्ट झाकणांचे केले. बुधवारी संध्याकाळी तिनं काचेच्या पाच बरण्या धुऊन घेतल्या. प्रत्येकीत गूळपाण्यात भिजवलेला भाकरीचा तुकडा टाकला, तोंडाला आतून तेल चोपडलं, बाहेरून खरखरीत कागद गुंडाळला.

"कागदावरून चढतात, आत उतरतात, आणि तेलावरून घसरल्यामुळं बाहेर येता येत नाही," ती म्हणाली. "जिथं जास्त सापडतील तिथं जवळच घर."

एक बरणी मोरीत, एक चुलीपाशी, एक फडताळात, एक मुक्ताबाईंच्या दाराशी. पाचवी घेऊन ती सुंदरम्मांच्या खोलीत आली आणि पलंगाखाली, पत्र्याच्या ट्रंकेजवळ वाकली.

"हितं कशाला?"

"सगळीकडं ठेवायला हवी, अव्वा. एक जागा सोडली तर निष्कर्ष खोटा."

सुंदरम्मांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. सुनेला ट्रंकेत बघायचं आहे, झुरळं नुसतं निमित्त, असं त्यांना वाटलं. लग्न होऊन आल्यापासून ही पोरगी त्या ट्रंकेकडं बघते. एकदा तर उन्हात ठेवू का म्हणून विचारलंही होतं.

ट्रंकेत आहेराची लुगडी होती. सगळी कोरी, खळ न काढलेली, कारण पाण्यात बुडवलेलं लुगडं पुढं आहेरात देता येत नाही. करकंबच्या चंद्रव्वानं दिलेलं चुकून तिलाच परत जाऊ नये म्हणून प्रत्येकाला चिंधीची खूण. आणि तळाशी सहा खण, गाठ मारलेले. नवरा असताना शेवटच्या वर्षात त्यांची ओटी भरली गेली, त्या ओट्या. आत तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, हळदीकुंकवाच्या पुड्या, जसंच्या तसं. तो गेल्याला सात वर्षं झाली. त्यानंतर कुणी ओटी भरली नाही, आणि त्यांनीही त्या गाठी सोडल्या नाहीत.

गुरुवारी पहाटे लिंगपूजेला उठल्या तेव्हा त्यांनी वाकून बघितलं. बरणी तपकिरी झाली होती. झुरळं एकावर एक चढत होती, तेलाशी येऊन घसरत होती. मोजायचं नव्हतं तरी त्यांनी मोजलं. एकोणीस.

सून उठली की हे बघणार. मग किल्ली मागणार.

त्यांनी बरणीच्या तोंडावर फडकं दाबलं, परसातून मागच्या दाराशी गेल्या. मुक्ताबाईंच्या बरणीत एकच झुरळ होतं. सुंदरम्मांनी बरणीला बरणी लावली आणि थापटी मारली. एक झुरळ मनगटावर चढलं, ते झटकलं. परत येऊन आपल्या बरणीच्या तोंडाला पुन्हा तेल लावलं आणि मगच विभूती घेतली.

सकाळी दाक्षायणीनं वहीत लिहिलं. मोरी चार, चूल सहा, फडताळ दोन, मुक्ताबाईंचं दार वीस, अव्वांची खोली शून्य.

"बघ," सुंदरम्मा म्हणाल्या. "मी काय म्हनत होते?"

दाक्षायणीनं मागच्या दाराची बरणी उजेडाकडं धरली, फिरवली, बराच वेळ बघितली. मग आत नेऊन ठेवली आणि तिथं दुसरी मांडली. सुंदरम्मांना ते बघणं आवडलं नाही.

शुक्रवारी पुन्हा तेच केलं. परसातून परतताना फाटक वाजलं. मुक्ताबाई रात्रपाळी करून येत होत्या, पांढऱ्या साडीत, हातात चपला. सुंदरम्मांनी बरणी पदराखाली घेतली.

"लवकर उठलात, अम्मा."

"व्हय. फुलं बघत होते."

मुक्ताबाईंनी परसातल्या बिनफुलांच्या तुळशीकडं पाहिलं आणि खोलीत गेल्या.

दिवसभर सुंदरम्मा मागच्या दाराकडं बघत राहिल्या. बघितलं का तिनं? बघितलं तर बोलत का नाही? नसेल बघितलं तर तुळशीकडं का बघितलं? दुपारी मागच्या खोलीतून सून आणि मुक्ताबाई कुजबुजल्यासारखं वाटलं. त्या पाय न वाजवता गेल्या. दोघी बोरिक पावडर, पीठ आणि साखर मळून गोळ्या वळत होत्या, आणि फटीत कुठं कुठं ठेवायच्या ते बोलत होत्या. सुंदरम्मांना तेही खरं वाटेना. आपल्याला बघून विषय बदलला असणार.

शनिवारी पहाटे बरणीत चोवीस होती. तीही नेऊन ओतली.

रविवारी शिवपुत्रनं मुक्ताबाईंना सोप्यात बोलावलं. त्या उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

"बाई, तुमच्या दाराशी रोज वीस-वीस झुरळं… तेव्हा महिनाअखेर खोली…"

"बरं," मुक्ताबाई म्हणाल्या. एवढंच. ते "बरं" इतकं तयार होतं, की सुंदरम्मांनी मान वर केली.

"थांबा," दाक्षायणी म्हणाली. तिनं मागच्या दाराची ती पहिली बरणी आणून मधोमध ठेवली. रिकामी केली होती, धुतली नव्हती. तोंडाखालच्या तेलात बारीक बारीक पावलांच्या रेघा होत्या, लाल आणि पिवळ्या. "मी तीन दिवस विचार करतेय. झुरळांच्या पायांना लागून हे आलंय. मुक्ताबाईंच्या खोलीत हळदीकुंकू नाही. देवघरात करंड्याला झाकण आहे. अव्वा, या घरात उघडं कुंकू कुठं असेल?"

तिनं बोट दाखवलं नाही. ट्रंकेचं नावही घेतलं नाही. शिवपुत्र बरणीकडं बघत होता, काही न कळून. मुक्ताबाई खाली बघत होत्या.

सुंदरम्मांना गप्प बसता आलं असतं. मुलानं शब्द दिला होता आणि समोरची बाई "बरं" म्हणून मोकळी झाली होती.

"तुमी बघितलं मला," त्या मुक्ताबाईंना म्हणाल्या. "शुक्रवारी."

"गुरुवारीपण. खिडकीतून."

"मंग बोलला का न्हाय?"

"कुणाजवळ, अम्मा? मी सांगितलं असतं की घरमालकीण माझ्या दारात झुरळं ओततात. तुम्ही तरी विश्वास ठेवला असता?"

सुंदरम्मांनी कमरेची किल्ली सोडली आणि सुनेच्या हातात न देता स्वतःच उठल्या.

ट्रंक परसात उन्हात आणून उघडली. मागच्या बिजागरीपाशी पत्रा वाकला होता, बोट जाईल एवढा. चंद्रव्वाच्या लुगड्याच्या घडीत खळ कुरतडलेली, काठाकाठानं अंड्यांच्या तपकिरी डब्या चिकटलेल्या. खणांच्या गाठी शाबूत होत्या, पण खालून भोकं पडली होती. तांदळाचं पीठ झालं होतं, हळदीकुंकवाच्या पुड्या फुटल्या होत्या.

"हे खण जाळावे लागतील," दाक्षायणी हळू आवाजात म्हणाली. "लुगडी उकळत्या पाण्यात घालू. खळ निघाली की येणार नाहीत. गाठी मी सोडू?"

"नगं. मी सोडते."

सहा गाठी सोडायला त्यांना दुपार झाली. मुक्ताबाई न सांगता बादल्या भरत होत्या. पिळायची वेळ आली तेव्हा लुगड्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं सुंदरम्मांनी. पिळ्यातून पांढरं पाणी गळत राहिलं.

"खोलीचं…" शिवपुत्र म्हणाला.

"काय खोलीचं?" सुंदरम्मा म्हणाल्या. "त्या कुटं जात न्हाईत."

सोमवारी पहाटे त्यांनी पलंगाखाली वाकून बघितलं आणि तशाच सुनेच्या दाराशी गेल्या.

"तीन," त्या म्हणाल्या. "लिहून घे. न्हाय, नुसतं लिहू नगंस. उठ, तुझ्या डोळ्यांनी बघ आदी."