भिंतीकडे वळवलेला बाण

मित्रांनो, गल्लीच्या तोंडाशी खांबाला टेकून उभी असलेली जुनी लाकडी पाटी तुम्ही येता-जाता पाहिली असेल. ती मी. माझ्या अंगावर एक जाड बाण आहे आणि दोनच शब्द आहेत, 'बैठक इकडे'.

एका मोडक्या कपाटाच्या दारातून माझा जन्म झाला. सुतारकाकांनी मला कापले, घासले आणि रंगवले. काका पूर्वी खूप दारू पीत. ती सुटल्यावर, दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी त्यांनी बंद छापखान्याच्या माडीवर बैठक सुरू केली. जिना मागच्या बोळात आहे. मी नसले तर तो नवख्याला सापडायचा नाही. 'दारू' हा शब्द काकांनी मुद्दामच लिहिला नाही. एकदा एक आजोबा ही नळाच्या पाण्याची बैठक समजून वर गेले. चहा पिऊन, सगळ्यांची दुःखे ऐकून ते डोळे पुसत खाली आले. पाण्याची तक्रार राहिलीच.

माझ्यासमोर, रस्त्यापलीकडे, दारूचे दुकान आहे. त्याला बाण लागत नाही. अंधारू लागले की तिथला भडक दिवा लागतो. मला वाचून थबकलेला माणूस मग त्या दिव्याकडेही बघतो. तेव्हा माझ्या लाकडालासुद्धा धडकी भरते. काही जण माझ्या बाजूला वळले. जे तिकडे वळले, त्यांतले काही पुन्हा कधीच दिसले नाहीत.

लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण असाच थबकत आला होता. त्याचे हात इतके थरथरत की पाना धरवत नसे. माडीवर त्याला जणू नवा जन्म मिळाला. पुढे मला बाहेर ठेवण्याचे काम त्याने मागून घेतले. "चल गं बाई, लाग कामाला," असे म्हणत तो मला फडक्याने पुसायचा. ते माझे सोन्याचे दिवस होते.

माडीचा एक नियम आहे. या कानाचे त्या कानाला कळू द्यायचे नाही. फोन करणाऱ्याचे नाव विचारायचे नाही, नंबर ठेवायचा नाही, आणि कोण येणार हे आपापसातही बोलायचे नाही. नियम चांगला आहे. त्याच्याच आधाराने किती भित्री माणसे जिना चढली.

एके दिवशी दुपारी काकांना एका नव्या माणसाचा फोन आला. मी तेव्हा माडीवरच होते. "कोपऱ्यावर पाटी दिसेल. बाण दाखवेल तसे या," काका म्हणाले. नियमाप्रमाणे ते कोणालाही काही बोलले नाहीत.

संध्याकाळी लिफ्टवाल्याने मला खांबाशी ठेवले. त्याच्या मुलीचे लग्न जुळत होते आणि पाहुणे जवळच्याच थांब्यावर उतरणार होते. त्यांनी पाटी वाचून विचारले तर? कोपऱ्यावरचा फळवाला तिखटमीठ लावून सगळे सांगून मोकळा झाला असता. लिफ्टवाल्याने इकडेतिकडे पाहिले आणि माझे तोंड खांबामागच्या भिंतीकडे फिरवले.

"घटकाभरच हं," तो पुटपुटला. पाहुण्यांना घेऊन तो घरी गेला. बोलणी रंगली आणि मी त्याच्या डोक्यातून पार गेले.

भिंतीला नाक लावून मी नुसती ऐकत होते. करकरणारे बूट आले, पुढे गेले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. मग एक घोगरा आवाज म्हणाला, "भाऊ, इथं बैठक कुठं असते?"

"कसली बैठक?" फळवाल्याने विचारले. त्याला सगळे ठाऊक होते, पण चौकशी केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

बूट जागच्या जागी करकरले. मला ओरडावेसे वाटले, पण पाटीला कुठला आवाज! बुटांचा आवाज हळूहळू रस्ता ओलांडून गेला आणि समोरच्या दुकानाचे दार वाजले.

सकाळी लिफ्टवाला मला घ्यायला धावत आला. तिथे एक बाई उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

"काल आमचे हे इथं येणार होते," ती म्हणाली. "पाटी दिसत नाही म्हणून त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, कुणाला तरी विचारा ना. मग फोनच बंद झाला. घरी आलेच नाहीत हो."

लिफ्टवाल्याच्या हातात मी होते. तिने मला वाचले.

"ही इथंच होती?"

"होती," तो म्हणाला.

आता तो मला टेकवून ठेवत नाही. बैठक संपेपर्यंत मला छातीशी धरून कोपऱ्यावर उभा राहतो. एकदा त्याचे होणारे व्याही समोरून आले. "हे काय हो?" त्यांनी विचारले.

"आमच्या बैठकीची पाटी. मी दारुडा होतो. इथं येऊन सुटलो."

व्याही तडक निघून गेले. लिफ्टवाल्याची बोटे माझ्या कडांवर घट्ट रुतली, पण त्याने मला फिरवले नाही.

ती बाईही येते. बूट वाजले की मान वर करते. तिचा माणूस अजून आलेला नाही.

मित्रांनो, कोणी अडखळत वाट विचारली, तर 'कशाला' असे विचारू नका. आधी वाट दाखवा. दुसऱ्यांदा विचारण्याइतका धीर त्याच्यापाशी असेलच असे नाही.