सोनेरी कणीस

तिने अर्धं संपलेलं पाकीट दुकानदाराच्या पुढ्यात आपटलं.

"हे विकता? लाज नाही वाटत? तीन महिने माझी आई चहासुद्धा बिनसाखरेचा पितेय, सोबत ही ज्वारीची बिस्किटं खातेय, आणि तिची साखर चढतेच आहे. आज डॉक्टर तिच्यावरच ओरडले. चोरून गोड खाता म्हणाले!"

डॉक्टरांपुढे आई मान खाली घालून बसली होती. म्हातारपणी चोर ठरली होती बिचारी. घरी आल्यावर लेकीनेही तिची उशी उचलून पाहिलीच होती. ते आठवून आता लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुकानदार खमक्या होता. त्याने गल्ल्यातून भिंग काढलं.

"माझ्यावर कशाला डाफरता, ताई? लिहिलंय की मागे. वाचा."

मुंगीएवढी अक्षरं होती. मैदा एकसष्ट टक्के. साखर बावीस. तेल. सगळ्यात शेवटी ज्वारीचं पीठ, तीन टक्के.

"तीन? आणि पुढे एवढं थोरलं कणीस! छापणाऱ्याचे हात कसे झडले नाहीत मेल्याचे!"

"मागचं कोण वाचतंय हो? कणीस बघतात आणि उचलतात," असं म्हणत दुकानदाराने पाकिटाची पुढची बाजू वर केली आणि ते स्वतःकडे फिरवलं.

तिला ते आता उलटं दिसत होतं. असं उलटं ते तिने लगेच ओळखलं.

छापखान्यात वेष्टणांचे रंग तपासायचं काम ती सतरा वर्षं करत होती, आणि कागद नेहमी उलटा धरून. वाचत बसलं की रंगावरची नजर सुटते, हा तिथला पहिला धडा. नव्या मुलींना तो तीच शिकवायची. हे कणीस तिने तीनदा परत पाठवलं होतं, 'फिकट आहे, पिकलेलं दिसू द्या' असा शेरा मारून. चौथ्यांदा मनासारखा सोनेरी रंग उतरला, तेव्हा कुठे सही केली होती.

"दुसरं देऊ का, ताई?"

तिने पाकीट पिशवीत टाकलं.

घरी आई दारातच उभी होती.

"भांडलीस ना त्याच्याशी? अगं, त्याचा काय दोष? मीच निवडलं होतं ते. कणीस बघ की कसं टपोरं, सोन्यासारखं. असलं काही खोटं असेल, असं वाटेल का कुणाला?"

तिने पाकीट सुलटं धरून आईच्या हातात दिलं.

"ते कणीस मी पिकवलंय, आई."