खाली मुरूम लागला

दुपारी तीनला पाळकांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटांनी पुन्हा पाहिलं. चारला सभा, पाचला नव्या चर्चची कोनशिला बसवायची, आणि तिच्यावर काय कोरायचं यावरून मंडळी दुभंगायला आलेली.

पाळकांच्या सासऱ्यांचं म्हणणं, येशूने आपल्या शिष्याला, पेत्रालाच खडक म्हटलं. ‘तू पेत्र आहेस’पासून पूर्ण ओळ हवी. पाळकांचं म्हणणं, खडक म्हणजे पेत्राचा विश्वास. ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ एवढं पुरे. आणि काल, कोणालाही न विचारता, त्यांनी तेवढंच चिठ्ठीवर लिहून पाथरवटाला कोरायला सांगून टाकलं होतं.

“बाबा चिडले तर अर्धी माणसं घेऊन जातील,” बायकोने सकाळी बजावलं होतं. “मग चर्चमधली मंडळी जाईल, आणि घरातलीही.”

पाळक पाथरवटाच्या शेडमध्ये शिरले, तर सासरे आधीच हजर.

“या जावईबापू. वाचा तुमचं शुभवर्तमान.”

शिळेवर कोरलं होतं : या दगडावर मी आपली मंडळी रचीन.

“अहो, खडक सांगितलं होतं!”

“सांगितलं होतं,” पाथरवट छिन्नी पुसत म्हणाला. “पण मी पाया बघून आलो. बारा फूट खणलंय, खाली नुसता मुरूम. नसलेला खडक कसा लिहू? लोक मलाच हसतील.”

“‘या’ म्हणजे ती जमीन नव्हे!” सासरे-जावई एकदमच म्हणाले.

“मग कोणता खडक?”

सासऱ्यांनी तोंड उघडलं. पाळकांनीही.

“बरं, येशू हे बोलले कोणाशी?” पाथरवटाने मध्येच विचारलं.

“पेत्राशी,” पाळक पुटपुटले.

“मग चिठ्ठी अर्धवट कशाला दिलीत? नाव असतं तर मी पायाच्या खड्ड्यात कशाला उतरलो असतो?”

सासरे हसले नाहीत. पाळकांनी घड्याळ पाहिलं. तीन वीस.

“मागची बाजू कोरी आहे ना? पूर्ण ओळीला किती वेळ?”

“सहा वाजतील.”

“कोरा.” मग ते सासऱ्यांकडे वळले. “मामा, ओळ तुमची. अर्थ मात्र माझा आधीचाच.”

“माझाही आधीचाच. आता बोलणं पुरे, दगड धरा.”

तिघांनी शिळा उलटली. चुकलेली ओळ खाली गेली. आता ती मुरमाकडे तोंड करून राहणार होती. पाळकांच्या घड्याळाची काच शिळेला घासून तडकली. तरी त्यांनी वेळ पाहिली. सभेला पस्तीस मिनिटं होती, आणि शिळा उशिरा का, हे कोणी सांगायचं ते ठरलं नव्हतं.

“चला,” सासरे म्हणाले, “दोघं मिळून सांगू.”