फोटोत माणूस येईना

आमोद नॉर्वेला नोकरीला गेला, तसे कर्वेनगरात त्याच्या आईच्या, सुनीतीताईंच्या फोनवर रोज त्याने काढलेले फोटो येऊ लागले. डोंगर आले, पूल आले, बर्फ आला. माणूस काही येईना. लेकाला तिथे कुणी आहे की नाही, ही काळजी त्यांना लागून राहिली.

"अरे, तुझा एखादा पाठव की."

"आई, कॅमेरा माझ्याच हातात असतो ना!"

सातव्या महिन्यात एका रविवारी फोटोत आमोदच आला. तिरका, जरासा धूसर, तोंडभर हसणारा.

वडिलांनी चष्मा वर केला. "वा, काय कलाकार आहे! पोराचं कपाळच उडवलंय."

"उडवू दे हो," फोन आपल्याकडे ओढत सुनीतीताई म्हणाल्या, "काढायला कुणीतरी आहे ना त्याच्याजवळ!"