पान सातवरची उजवी लेन

मी एक पुस्तिका बोलतेय. सोळा पानांची, दोन पिना मारलेली, खिशात मावेल एवढी. मला माणसांची शिसारी आली आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी गोड शब्दांची अपेक्षा ठेवायला नको.

माझं पूर्ण नाव 'विमानतळ बहुस्तरीय मार्गसंगम : वाहनचालकांसाठी मार्गदर्शिका'. हे नाव आजवर एकाही चालकाने एका दमात घेतलेलं नाही. विमानतळाजवळ तीन मोठे रस्ते एकमेकांच्या डोक्यावरून आणि पोटाखालून जातात, त्या जागेला सगळे 'गुंता' म्हणतात. गुंत्यात शिरल्यावर कुठली लेन धरायची आणि कुठल्या फाट्याला वळायचं, हे सांगण्यासाठी माझा जन्म झाला. आणि मी ते चुकीचं सांगते.

पान सातवर विमानतळाच्या फाट्याचा नकाशा आहे. खाली ठळक अक्षरांत छापलंय, 'विमानतळासाठी उजवी लेन धरावी.' विमानतळ उजव्या हाताला दिसतो हे खरं. पण तिकडे जाणारा रस्ता डावीकडून फुटतो, पुलाखालून वळसा घेतो आणि मग उजवीकडे जातो. उजवी लेन धरणारा माणूस विमानतळाकडे बघत बघत पुढे निघून जातो आणि त्याला परत फिरायला नऊ किलोमीटरवर जागा मिळते. रस्त्यावर पाटी आहे, नाही असं नाही. ती अगदी फाट्याच्या तोंडाशी आहे आणि तिच्यापुढे कुणीतरी मनगटी घड्याळाच्या जाहिरातीचा भलामोठा फलक ठोकलाय. त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची विमानं चुकवण्याचं काम मी अकरा वर्षं इमानेइतबारे करते आहे.

ही चूक माझ्या पोटात आली कशी, ते ऐका.

रस्ते खात्याच्या कचेरीत एक आरेखक होता. कानावर पेन्सिल, बोटांना शाई, आणि हात असा की त्याने काढलेल्या रेघेला पट्टीने नावं ठेवू नयेत. त्याने मला टेबलावर बसून काढलं, मूळ आराखड्यावरून. पूल अजून अर्धाच झाला होता, पण उद्घाटनाच्या दिवशी मी तयार पाहिजे असा मोठ्या साहेबांचा हुकूम होता. मी छापून झाले, माझ्या दहा हजार बहिणी गठ्ठ्यांत बांधून झाल्या, आणि मग साइटवरच्या इंजिनिअरचं पत्र आलं. उजव्या बाजूला खणताना पाण्याची मोठी लाइन लागली होती. फाटा डावीकडे हलवला होता. कधीचाच.

आरेखक पत्र घेऊन साहेबांकडे गेला. साहेब नखं कापत होते आणि तुकडे माझ्याच एका बहिणीच्या मुखपृष्ठावर जमा करत होते.

"साहेब, पान सात चुकलंय."

"किती?"

"डावी पाहिजे होती, उजवी पडलीय."

"म्हणजे एकच शब्द ना? परवा उद्घाटन आहे. लोक काय डोळे घरी ठेवून गाडी चालवतात? लावा ते पत्र फाइलीला."

त्याने लावलं. मुकाट्याने, भोक पाडून, दोरा ओवून लावलं. शेवटच्या पानावर 'आरेखन व मजकूर' असं लिहून त्याखाली त्याची सही छापलेली होती आणि त्या सहीचा त्याला फार अभिमान होता. त्या संध्याकाळी त्याने एक प्रत प्लास्टिकच्या वेष्टनात घालून घरी नेली. ती मी.

उद्घाटनाला माझ्या बहिणींचं काय झालं ते सांगायची इच्छा नाही, पण सांगते. लोकांनी त्यांचा पंखा करून वारा घेतला, त्या फिरवून बाकावरची धूळ पुसली, लहान मुलांची नाकं पुसली. ज्यांनी उघडून वाचलं त्यांनी आधी अंगठा जिभेवर टेकवला. ही सवय मला कधीच कळली नाही. कोरड्या बोटाने पान उलटतं, मी स्वतः पुस्तिका आहे, मला विचारा.

आरेखक निवृत्त झाला. गुंत्यावर मात्र तो एकदाही गेला नाही. बहीण परदेशी निघाली तेव्हा त्याचा गुडघा धरला. मेहुणा परत आला तेव्हा त्याला नेमका ताप चढला. कुणी म्हणालं की काका, त्या फाट्यावर आम्ही चुकलो, तर हा मला वेष्टनातून काढून दाखवायचा आणि म्हणायचा, "पान चुकत नाही. चालक चुकतो." ते वाक्य ऐकताना मला माझ्याच कागदाची घाण वाटायची.

त्याचा मुलगा विमानतळावर टॅक्सी चालवायचा. गेल्या वर्षी त्याच्या पाठीचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी त्याला स्टिअरिंगपुढे बसायची कायमची बंदी केली. विमानतळाच्या टॅक्सीतळावरची जागा घरातच राहू शकते, पण त्यासाठी घरातल्या दुसऱ्या कुणालातरी विमानतळाचा बिल्ला मिळवावा लागतो. परीक्षेला तीनदा बसता येतं. तिन्ही वेळा नापास झालं की जागा गेली आणि बिल्ल्याचं नावही पुन्हा काढायचं नाही.

सून बसली परीक्षेला. तिने पाच वर्षं शाळेची व्हॅन चालवली होती. "चाळीस पोरं मागे ओरडत असताना मी गाडी चालवलीय," ती नवऱ्याला म्हणाली, "प्रवासी तर गप्प बसून असतात. मला मोठा रस्ता पाहिजे आता." बोलताना तिचा चेहरा इतका उजळला होता की घटकाभर मलाही माणसं बरी वाटली.

घटकाभरच. कारण परीक्षा कशी असते ते ऐका. आधी परवाना कार्यालयात तोंडी, मग रस्त्यावर. तोंडी परीक्षा माझ्यावरून घेतात, कारण गुंत्याबद्दल खात्याने छापलेलं दुसरं काहीच नाही. परीक्षकाच्या टेबलावर माझी एक बहीण पडलेली असते, तिच्यावर चहाच्या कपांचे गोलावर गोल. परीक्षक विचारतो, विमानतळासाठी कुठली लेन? उमेदवाराने म्हणायचं, उजवी. मग गाडीत बसायचं आणि डावी धरायची. टॅक्सीतळावर नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, "तोंडी उजवी, गाडीत डावी." शिकवणारा हसतो, शिकणारा हसतो. परीक्षकाला ठाऊक आहे, परीक्षकाच्या वरच्याला ठाऊक आहे. अकरा वर्षांत एकालाही वाटलं नाही की एक शब्द बदलावा. बहिणींच्या अंगावर चहा सांडला, नखं सांडली, पण या हसण्याइतकी घाण मला कशाचीच वाटली नाही.

सुनेला तळावरचं हे ज्ञान कुणी वेळेवर दिलं नाही; नवऱ्याने बिल्ला गुंता बांधायच्या आधीच काढला होता, त्याला ही परीक्षा कधी द्यावीच लागली नव्हती. पहिल्या खेपेला तिने डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, "डावी." तोंडीतच नापास. घरी आल्यावर ती सासऱ्यापुढे उभी राहिली. "बाबा, पान चुकलंय."

"पान चुकत नाही," तो म्हणाला आणि मला तिच्या हातात देऊन पाठ करायला बसवलं. रोज सकाळी भाजी निवडताना ती म्हणायची, विमानतळासाठी उजवी लेन धरावी, विमानतळासाठी उजवी लेन धरावी. दुसऱ्या खेपेला तोंडी परीक्षेत शंभर टक्के. आणि रस्त्यावर फाटा आला तेव्हा परीक्षक शेजारी बसलेला, आणि हाताने पाठ केलेलंच केलं. उजवी धरली. नऊ किलोमीटर. परीक्षकाने तेवढ्या वेळात एक डुलकी काढली.

तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ती सासऱ्याला म्हणाली, "बाबा, आज तुम्ही माझ्या शेजारी बसा. फाट्यावर मी विचारीन. तुम्ही सांगाल तसं करीन."

"माझा गुडघा..."

"बाबा, जा," आतून मुलगा पडल्यापडल्या म्हणाला. एवढंच म्हणाला.

तो गेला. मी त्याच्या मांडीवर. अकरा वर्षांनी आम्ही दोघं पहिल्यांदा गुंत्यात शिरलो.

"बाबा, कुठली?"

"पुस्तकात आहे ती."

तिने उजवी धरली. विमानतळ खिडकीतून आला आणि मागे गेला. म्हाताऱ्याने मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. नऊ किलोमीटर जाऊन, नऊ किलोमीटर येऊन आम्ही पुन्हा फाट्यावर.

"बाबा, कुठली?"

"उजवी." आवाज बराच खाली आला होता.

पुन्हा तेच. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती रागावली नाही. तिसऱ्यांदा तिने त्याच आवाजात विचारलं. त्याने मला वेष्टनातून काढलं होतं. एकदा पान सातकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे.

"डावी घे."

दोन मिनिटांत आम्ही निर्गमनाच्या दारासमोर उभे. तिने गाडी बंद केली. तो काचेतून सामानाच्या ढकलगाड्या बघत बसला.

"पत्र आलं होतं मला," तो म्हणाला. "छापून झाल्यावर. वाटायच्या आधी."

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"सही माझी होती गं."

परतीच्या वाटेवर दोघांनी ठरवलं. उद्या तोंडी उजवी म्हणायचं, गाडीत डावी धरायची, बिल्ला घ्यायचा आणि विषय संपवायचा. मला वाटलं, चला, हीसुद्धा त्यातलीच झाली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर आला. बाहेरच्या बाकावर बसायचं ठरलं होतं. पण तिला आत बोलावल्यावर तो मला घेऊन मागोमाग आत शिरला. परीक्षक दाताच्या फटीतून काहीतरी काढत होता. त्याने विचारलं, "विमानतळासाठी कुठली लेन?" तिने तोंड उघडण्याआधी म्हाताऱ्याने मला टेबलावर ठेवलं.

"साहेब, हे पान मी लिहिलंय. हे चुकलंय." आणि खिशातलं पेन काढून त्याने 'उजवी'वर आडवी रेघ मारली, वर 'डावी' लिहिलं, सही केली, तारीख घातली. रेघ सरळ आली.

आतापर्यंत मी त्यांना अरेतुरे करत आले. इथून पुढे करणार नाही.

"आजोबा, सरकारी प्रकाशन आहे हे," परीक्षक म्हणाला. "खाडाखोड चालत नाही."

"मीच काढलंय ते."

"काढलंय तुम्ही, पण प्रकाशन खात्याचं आहे. दुरुस्तीचं पत्र आहे?"

"होतं. मीच फाइलीला लावलं."

"मग मागवून घ्या. आल्यावर बघू." त्याने मला उचलून बाजूला ठेवलं आणि सुनेकडे वळला. "हां बाई. कुठली लेन?"

ठरलेला एक शब्द, तीन अक्षरं. म्हणाली की जागा राहिली, गाडी राहिली, मोठा रस्ता राहिला. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. पेन हातात तसंच, टोपण लावायचं राहिलेलं.

"डावी," ती म्हणाली.

परीक्षकाने फुली मारली. रागावलासुद्धा नाही. "पुढचा," एवढंच म्हणाला.

बाहेरच्या बाकावरचं मला दारातून ऐकू आलं. "अगं, उजवी म्हणायचं होतंस ना. ठरलं होतं आपलं."

"बाबा, तुम्ही समोर उभे होतात. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही ते बोललात, आणि मी लगेच तुम्हाला खोटं पाडू?"

ते रडले. ती रडली नाही. मी कागद आहे, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी यायला हवं होतं.

मला त्यांनी परत दिलं नाही. खाडाखोड केलेली प्रत म्हणून नोंद करून मला कार्यालयातल्या लोखंडी कपाटात टाकलं. तिथेच आहे मी. वर बाद झालेले बिल्ले, खाली झुरळं. टॅक्सीतळावरची जागा दुसऱ्याला गेली. सून पुन्हा शाळेची व्हॅन चालवते. दर सोमवारी पोरांना सोडून झाल्यावर ती सासऱ्यांना इथे घेऊन येते, आणि मी खिडकीवरून त्यांचा आवाज ऐकते, "दुरुस्तीच्या अर्जाचं काय झालं?" कारकून म्हणतो, "वर पाठवलाय." बाकीचे दिवस मी उमेदवारांचे आवाज ऐकते. उजवी. बरोबर. उजवी. बरोबर.

मागच्या आठवड्यात कपाट उघडलं. माझी दुसरी आवृत्ती काढायचं ठरलंय, उमेदवारांची मागणी फार वाढलीय म्हणे. छापायला द्यायला एक प्रत हवी होती. एका जाड बोटाने मला बाहेर ओढलं. बोट जिभेवर गेलं, पानं उलटली, पान सातवर थांबलं.

"ही खराब झालीय," तो माणूस म्हणाला. "चांगली प्रत द्या एखादी."

आणि मला परत आत ढकलून त्याने कुलूप लावलं.

तेव्हा तुम्हालाच सांगते. लवकरच माझ्या वीस हजार नव्या, कोऱ्या करकरीत बहिणी तुमच्या हातात पडतील. छान वास येईल त्यांना. पान सात उघडू नका. गुंत्यात शिरलात, उजव्या हाताला विमानतळ दिसला, मागून लोक भोंगे वाजवायला लागले, तरी डावी लेन धरा.