चुन्याचे पाच ठिपके

हे कोणी खरं मानणार नाही. आमच्या सौंसरात माझी गोष्ट लोक अर्धी कापून ऐकतात, म्हणून मी ती दुप्पट करूनच सांगतो. शेवटी बरोबर बसते. पण रविवारी सकाळी मोतीरामच्या अंगणात बाजेवर बसलो तेव्हा कापाकापीची सोय नव्हती. त्याच्या पोरीचं, प्रज्ञाचं बास्केटबॉल खेळणं त्या गोष्टीवर टांगलेलं होतं.

मोतीराम लोकांच्या संत्राबगीच्यात राबणारा माणूस. बोलायला कमी, तापायला जास्त. कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉलची पहिली मॅच पाहायला तो काम टाकून आला होता. जाताना मला, म्हणजे मैदानाच्या चौकीदाराला, म्हणाला, “नत्थूजी, माही पोरगी पूर्ण टाइम खांबावानी उभी होती. उभंच राहाचं तं बोरगावच्या कंपनीत पॅकिंगले उभी राहीन. तिथं पगार तरी भेटते.”

दुसरी मॅचही तशीच गेली. मोतीरामनं निरोप धाडला : तिसरीतही उभीच राहिली, तं सोमवारपासून बोरगाव.

तिसरी शनिवारी झाली, पांढुर्ण्यात. घरी आल्यावर पोरीनं काही सांगितलं नाही, बापानं काही विचारलं नाही. मग मीच गेलो.

“जय भीम, मोतीराम.”

“जय भीम. बसा. चहा घ्या आणि लवकर सांगा, मले कामावर जाचं आहे.”

प्रज्ञा दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

मी सुरुवात रागानंच केली, कारण माझ्या गोष्टीत तेवढाच अस्सल होता. आमच्या कॉलेजच्या खेळाच्या प्रतिभा मॅडमनं जन्मभर पंधरा ऑगस्टची कवायत घेतलेली. कवायतीत प्रत्येकीचा चुन्याचा ठिपका ठरलेला असतो. हलली की मार्क गेले. मॅडमनं तीच रीत बास्केटबॉलला लावली. माझ्याच हातानं जाळीभोवती पाच ठिपके मारून घेतले आणि पाच पोरी त्यावर उभ्या केल्या. पोरीही अशा आज्ञाधारक की अंगावर पाल पडली तरी ठिपका सोडणार नाहीत. बॉल जायचा श्रुतीकडे, कारण ती सगळ्यात उंच. बाकीच्या चौघी तिच्याकडे बघत राहायच्या, लग्नात नवरीकडे बघतात तशा. समोरच्या तिघी श्रुतीला घेरायच्या. ती ओरडायची, “अगं, या नं कोणी.” आणि स्नेहा आपल्या ठिपक्यावरून सांगायची, “माही जागा इथं आहे.”

“जामसांवलीच्या दर्शनाची रांगसुद्धा याहून जोरात सरकते,” मी मोतीरामला म्हटलं. “माह्या डोक्यात नुसती आग.”

“मंग काय केलं तुम्ही?”

“बादलीभर पाणी आणलं आन् पाचही ठिपके धुऊन काढले. मॅडम धावत आल्या. म्हणे, नत्थूजी, तुम्ही चौकीदार आहात. म्हटलं, म्हणूनच तं. मैदानावरून रोज खेळ चोरीले जाऊन राहिला, मी काय झोपा काढू?”

मॅडम तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मात्र त्यांनीच विचारलं, की ठिपके नाहीत तर पोरींनी उभं कुठं राहायचं. तेव्हा मी पोरींना पांढुर्ण्याच्या संत्रामंडीत न्यायचं ठरवलं. तीस वर्षं मी तिथं लोडिंगचा मुकादम होतो. मॅचच्या दिवशी सकाळच्या बसनं सगळ्या पोरी मंडीत. कवडू हमालाची टोळी ट्रक भरत होती. हातोहात क्रेट. रीत सोपी : क्रेट पुढच्याला दिला की दोन पावलं सरकायचं, कारण मागचा दुसरा क्रेट घेऊन तुमच्या जागेवर आलेला असतो. जो उभा राहिला त्याच्या पायावर वीस किलो संत्रा.

“पोरी घातल्या लायनीत. पहिला क्रेट श्रुतीच्या हातात आला आन् ती त्याले छातीशी धरून उभी राहिली. मागून दुसरा येऊन गुडघ्याले लागला. कवडू म्हणे, बाई, त्याले पाळण्यात घालता का आता?”

दारात तांदूळ निवडणारा हात थांबला. प्रज्ञा हसली असावी, पण पाठमोरी होती.

“श्रुती रडकुंडीले आली. पण पाच मिनिटांनी कोणाले सांगा लागलं नाही. देला की सरकली, देला की सरकली. चहा निवाच्या आत चारशे क्रेट चढवले पोरींनी.”

“कवडूच्या गाडीत अडीचशेच बसतात,” मोतीराम म्हणाला.

“दाबून बसवले.”

त्यानं चहाचा घोट घेतला. वाद न घालता ऐकणारा मला आवडत नाही; त्याच्यामुळं गोष्ट आपोआप वाढत जाते.

मग मी मॅच सांगितली. बॉल श्रुतीकडे गेला, तिनं लगेच स्नेहाला दिला आणि जाळीकडे पळाली. स्नेहानं प्रज्ञाला दिला, तीही पळाली. पांढुर्ण्याच्या पोरी ज्या जागेला घेरायला धावत, त्या जागी कोणीच नसे. चार मिनिटं बॉल जमिनीला लागला नाही. पाहुण्यांच्या दोन पोरींना चक्कर आली, त्या खाली बसल्या आणि त्यांना लिंबूपाणी द्यावं लागलं. स्कोअर लिहिणाऱ्या माणसाचा खडू संपला, तर तो भिंतीवर कोळशानं लिहू लागला.

“पाहुणे तं आपण होतो,” दारातून प्रज्ञा हळूच म्हणाली.

“तू तांदूळ पाह्य,” मी म्हटलं. “तं मोतीराम, शेवटचे दहा सेकंद. तुमच्या पोरीकडे बॉल. मॅडम ओरडून राहिल्या, मी ओरडून राहिलो. तिनं तिथूनच, अर्ध्या मैदानातून फेकला. बॉल असा वर गेला, की झाडावरचे बगळे उडाले. आन् जाळीत. एकेचाळीस-चौतीस. आता सांगा, अशा पोरीले तुम्ही खोक्याले पट्ट्या चिकटवाले धाडता? लाज नाही वाटत?”

माझा आवाज खरोखर चढला होता. गोष्ट सांगता सांगता मला मोतीरामचा खराच राग आला होता.

मोतीरामनं कप खाली ठेवला. तोही तापला होता, पण त्याची नजर माझ्याकडे नव्हती, पांढुर्ण्याच्या दिशेला होती.

“नत्थूजी, हरलो आपण. चौतीस-बत्तीस. मी होतो तिथं, पाण्याच्या टाकीच्या मागं. आन् शेवटचा बॉल इनं फेकला नाही, स्नेहाले देला. स्नेहा जाळीखाली एकटी होती, आन् त्यायच्या त्या लंब्या पोरीनं तिचा हात धरला. साफ धरला. रेफरीनं शिटी वाजवली नाही. तो फाउल होता, नत्थूजी. तुम्ही एवढं सांगितलं, तो काऊन नाही सांगितला?”